सी ड्राइव्हचा सातबारा

लॅपटॉपवर ‘धिस पीसी’ उघडलं की दोन आडव्या पट्ट्या दिसतात, एक सी ड्राइव्हची आणि एक डी ड्राइव्हची. रिकामी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज त्या पट्टीचा निळा रंग काढून तिला लाल करतं. कुठल्याही मराठी घरात जा, शोकेसवर क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला लॅपटॉप उघडा, चित्र ठरलेलं असतं. सी लालभडक, आणि डीमध्ये कुणीतरी कधीतरी टाकून दिलेली नाट्यगीतं सोडली तर शुकशुकाट.

लाल रंगाचं आपल्याला सुरुवातीला काही वाटत नाही. पुण्यात तर लाल दिसलं की जरा जोरात जायची पद्धत आहे. कोपऱ्यात ‘जागा संपत आली’ असा निरोप येतो, माणूस फुलीवर टिचकी मारून त्याला घालवतो आणि पुढच्या कामाला लागतो. मग इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला, रात्री अकरा वाजता, पीडीएफ सेव्ह होत नाही. त्या क्षणी घरात एकच निदान होतं: व्हायरस आला. आपल्याकडे लॅपटॉपला दुसरा आजारच होत नाही. बटण अडकलं तरी व्हायरस, वायफाय गेलं तरी व्हायरस, आणि सात वर्षं वापरून बॅटरी मेली तरी ‘तेवढं अँटिव्हायरस रिन्यू करायचं राहिलं होतं’.

माझा या विषयाशी संबंध इतकाच, की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा समज आहे. एकदा कमिटीचा प्रिंटर मी बंद करून पुन्हा चालू केला आणि तो चालला, एवढ्या भांडवलावर हा समज उभा आहे. तेव्हापासून रविवारी सकाळी काखोटीला लॅपटॉप मारून कुणी ना कुणी बेल वाजवतं. तक्रार बहुधा एकच: ‘फार स्लो झालाय हो.’ मी लाल पट्टी दाखवतो. समोरचा माणूस ठामपणे सांगतो, ‘सीमध्ये मी काहीच ठेवत नाही. माझं सगळं डेस्कटॉपवर असतं.’

या एका वाक्यावर कुणीतरी पीएचडी करायला हरकत नाही. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. डॉक्युमेंट्सही तिथेच, पिक्चर्सही तिथेच, डाउनलोड्सही तिथेच. पण लॅपटॉप उघडल्या उघडल्या जे समोर दिसतं ते ‘आत’ कसं असेल? डेस्कटॉप म्हणजे बाहेर आणि सी म्हणजे आत, ही समजूत इतकी घट्ट आहे की एका गृहस्थांनी सीमध्ये जागा व्हावी म्हणून आतले सगळे फोल्डर उचलून डेस्कटॉपवर आणून मांडले होते. पट्टी तसूभर हलली नाही. ‘रिफ्रेश करा,’ ते म्हणाले. केलं. रिफ्रेश करायला आपल्याला तसंही निमित्त लागत नाही. लॅपटॉप चालू झाल्यावर राइट क्लिक करून चार वेळा रिफ्रेश न करता कामाला बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या ड्राइव्हला सी का म्हणतात, ए का नाही, हे आताच्या पोरांना विचारून बघा. पहिली दोन अक्षरं फ्लॉपीची होती. 1983 साली आयबीएमनं पीसी एक्सटी बाजारात आणला, त्यात दहा एमबीची हार्डडिस्क होती आणि तिच्या वाट्याला तिसरं अक्षर आलं. फ्लॉप्या कधीच गेल्या, पण ए आणि बी अजून मोकळीच ठेवलेली असतात, न जाणो परत आल्या तर. दहा एमबी म्हणजे आज ‘बघ, मोदक कसे झालेत’ छापाचे दोन-तीन फोटो. त्याच्याही आधी, 1956 मध्ये, आयबीएमचंच रॅमॅक नावाचं धूड होतं: चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, टनभर वजन, आणि जागा पाच एमबीच्या आतबाहेर. विंडोज 95 तेरा फ्लॉप्यांवर यायचं आणि पन्नासेक एमबीत मावायचं. विंडोज 11 ला कमीत कमी 64 जीबी लागतात. हजारपटीहून जास्त वाढ झाली, आणि सदाशिव पेठेतला माणूस त्यावर अजून सॉलिटेअरच खेळतोय.

जागेचा तंटा सुरू होतो दुकानातून. खोक्यावर छापलेलं असतं 256 जीबी. घरी येऊन बघावं तर 238. अठरा जीबी गेले कुठे? मापात पाप आहे म्हणून आपण दुकानदाराला धरतो, तो कंपनीकडे बोट दाखवतो. गंमत अशी, की यात खोटं कुणीच बोलत नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या पटीत. केबीचे एमबी, एमबीचे जीबी करत वर जाईपर्यंत फरक सात टक्क्यांच्या घरात जातो. 512 चे 477 होतात, एक टीबीचे 931 जीबी. अठरा जीबीसाठी लक्ष्मी रोडवर भांडण झाल्याचं मात्र मी अजून ऐकलेलं नाही, आणि हे शहराच्या कीर्तीला शोभत नाही.

उरलेल्या 238 चे तुकडे पाडायची आपली खास पद्धत आहे. दुकानातला मुलगा विचारत नाही, सांगतो: ‘सीला शंभर देतो, बाकी डी.’ पार्टिशन ‘मारून’ मिळतं, वर पैसे पडत नाहीत. त्यामागचा हिशेब एके काळी चोख होता. विंडोज बिघडलं की सीला फॉरमॅट मारायचा, डीमधला डेटा सुखरूप. फक्त एक गोष्ट सांगायची राहून जाते. सॉफ्टवेअर, अपडेट, डेस्कटॉप, फोनचा बॅकअप, मीटिंगची रेकॉर्डिंग, सगळं न विचारता सीमध्येच जाऊन बसतं. डीमध्ये काही जायचं तर माणसानं ते हातानं नेऊन ठेवावं लागतं, आणि माणूस हातानं काही करत नाही. बारसंसुद्धा न झालेला तो डी वर्षानुवर्षं ‘न्यू व्हॉल्यूम’ एवढ्याच नावानं पडून राहतो.

मग डीची जागा काढून सीला का देत नाहीत? देता येते, पण इथून पुढे या गोष्टीला जमिनीच्या व्यवहाराचा वास यायला लागतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी वाढवायचा तर मोकळी जमीन त्याच्या उजव्या बांधाला लागून असावी लागते. डी थोडा कापला तर मोकळा तुकडा निघतो डीच्या पलीकडे, मध्ये डी आडवा. बरं, डी अख्खा उडवला तर बांधाला बांध लागेल असं वाटतं, तेव्हा लक्षात येतं की सीला चिकटून ‘रिकव्हरी’ नावाची अर्ध्या-पाऊण जीबीची चिंचोळी पट्टी आहे. ती कुणाची, कधी आली, तिथे काय पिकतं, कुणाला ठाऊक नाही. पण ती ओलांडून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ होत नाही. ती अक्षरं फिक्या करड्या रंगात नुसती बसून राहतात. कोकणात असल्या पट्ट्यांपायी दोन-दोन पिढ्या कोर्टात गेल्या आहेत.

तेव्हा उरतो एकच मार्ग, काहीतरी काढून टाकायचं. हा आपला प्रांत नव्हे.

दुसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्याकडे मीच गेलो, कारण त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असल्यानं तो चार्जरपासून सुटत नाही आणि चार्जर भिंतीपासून. काका वही-पेन घेऊन बसले. डाउनलोड्स उघडलं. त्यात वीजबिल होतं. मग वीजबिल कंसात एक, वीजबिल कंसात दोन, असं करत कंसात अकरापर्यंत. काकांची रीत अशी, की बिल डाउनलोड करायचं, ते कुठे गेलं ते सापडत नाही, म्हणून पुन्हा डाउनलोड करायचं. आधार कार्डाच्या पीडीएफ तर इतक्या होत्या, की सरकारनं काकांना एकच नंबर दिलाय यावर विश्वास बसू नये. त्यांतल्या एकीचाही पासवर्ड त्यांना आठवत नव्हता. नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल, हा सबंध देशाला एकच नियम आहे. तरी दर वेळी जुनी उघडत नाही म्हणून नवी उतरवलेली.

‘ही बघा, रजेच्या अर्जाची फाइल. 2011 ची,’ काका म्हणाले.

‘काढून टाकू?’

‘टाका.’ आणि माझा हात माउसवर पोचायच्या आत, ‘थांबा, थांबा. राहू द्या. मसुदा चांगला जमलाय.’

‘काका, तुम्ही रिटायर झालात.’

‘मी झालो. मसुदा कुठे झालाय?’

तासभर छाननी करून आम्ही दोन एमबी मोकळे केले. वर्डची साधी फाइल तीस-चाळीस केबीची. अशा पंचवीस हजार फाइल्स उडवल्या तर कुठे एक जीबी होतो, आणि तेवढ्या रजा बँक देत नाही. हे सगळं चालू असताना डेस्कटॉपवर ‘धाकट्याचे लग्न’ नावाचा फोल्डर अडतीस जीबी अडवून निवांत बसला होता. फोटोग्राफरनं दिलेला पूर्ण व्हिडिओ, त्यातला निवडक व्हिडिओ, निवडकातला निवडक, आणि हे सगळं पुन्हा एकदा ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरमध्ये, त्याच डेस्कटॉपवर. व्हिडिओत सुरुवातीला बराच वेळ ड्रोन मंगल कार्यालयाच्या पत्र्यांवरून फिरतो. मग मुंडावळ्या. मग जिलबीची परात, संथ गतीनं.

‘हे एक्स्टर्नल हार्डडिस्कवर टाकू या का?’ मी विचारलं.

‘त्याला हात लावायचा नाही हं!’ स्वयंपाकघरातून काकू.

‘शेवटचा कधी पाहिलात, काकू?’

‘पाहायला कशाला हवा? आम्ही होतो की तिथं.’

मी विषय बदलून रिसायकल बिन उघडली. डिलीट केलेली फाइल बिनमध्ये जाते म्हणजे ती डिस्कवरच राहते, जागा काही सुटत नाही. विंडोज 95 बरोबर बिन आली, त्याला तीन दशकं झाली, तरी हे अजून पोचायचंय. काकांच्या बिनमध्ये अनेक दिवाळ्या साचल्या होत्या. ‘रिकामी करू?’ म्हटलं तर ते खुर्चीत पुढे सरकले. ‘नको नको. त्यात काही महत्त्वाचं असेल.’ काका एकटे नाहीत. कुणी उघडून बघत नाही म्हणून पगाराच्या स्लिपा मुद्दाम बिनमध्ये ठेवणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांच्या लॅपटॉपला हात लावायची माझी हिंमत नाही.

जागा नेमकी कुणी खाल्ली हे डोळ्यांना दिसायला हवं, ही अडचण काकांच्या आधी अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाला आली होती. 1990 साली मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत 80 एमबीची एक हार्डडिस्क होती, आणि ती चौदा जणांत मिळून वापरली जायची. ती सारखी भरायची, आणि कुणाचं काय, किती, हे कळायला मार्ग नव्हता. आपल्याकडे यावर सर्वसाधारण सभा बोलावली गेली असती, आणि कोरम नाही म्हणून अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरवली गेली असती. श्नायडरमन यांनी चित्र काढलं. सबंध डिस्क म्हणजे एक मोठा चौकोन, आणि आत प्रत्येक फाइलला तिच्या आकारमानाएवढा लहान-मोठा आयत. त्याला ट्रीमॅप म्हणतात. शेअर बाजाराच्या पानांवर हिरव्या-लाल चौकोनांचं चित्र असतं, ते याच भरलेल्या डिस्कच्या वंशातलं. विनडिरस्टॅट, विझट्री अशी सॉफ्टवेअर आज आपल्या सी ड्राइव्हचं असं चित्र काढून देतात. विनडिरस्टॅट तर मोजणी चालू असताना पॅक-मॅनची पिवळी तोंडं इकडून तिकडे फिरवत ठेवतं. काकांना तेवढाच भाग फार आवडला.

चित्र उमटलं. लग्नाचा आयत काकूंनी लांबूनच ओळखला. त्याच्या खालचा होता ‘मोबाइल जुना’. फोन भरला की तो लॅपटॉपवर ओतायचा आणि फोन पुन्हा भरायला मोकळा करायचा, ही काकूंची पद्धत. त्यात उगवता सूर्य, दवबिंदू, वाफाळता चहा आणि प्रत्येकावर सुविचार. यात काकूंचा एकटीचा दोष नाही. 2018 च्या सुरुवातीला वॉल स्ट्रीट जर्नलनं बातमी दिली होती, की भारतीयांचे फोन सारखे का भरतात याचा गुगलच्या संशोधकांनी शोध घेतला तेव्हा ही सुप्रभातंच हाती लागली. गुगलच्या फाइल्स गो या ॲपमध्ये असली चित्रं हुडकून एकगठ्ठा उडवायची सोय होती. गुगलला सूर्य डिलीट करायचा शोध लावावा लागला, तो आपल्यामुळे. आणखी एक भलामोठा आयत निघाला फोनच्या बॅकअपचा. काकांच्या थोरल्या मुलानं एकदा आपला आयफोन या लॅपटॉपला जोडला होता. पुढे त्यानं तो फोन विकला, कॅनडात घर घेतलं, पण त्या फोनचा बॅकअप अजून कोथरूडमध्ये, ॲपडेटा नावाच्या एरवी दिसतही नसलेल्या फोल्डरच्या पोटात. शेजारी 2020 च्या लॉकडाउनमधली नातीच्या ऑनलाइन शाळेची रेकॉर्डिंग. उघडून बघितलं तर बाई चाळीस मिनिटं ‘माझा आवाज येतोय का?’ विचारताहेत, आणि वर्ग म्हणतोय, ‘नाही.’

पण सगळ्यांत मोठ्या आयतांमधले काही कुणाचेच निघेनात, ना काकांचे, ना काकूंचे, ना कॅनडाचे.

इथे खरा सातबारा सुरू होतो. मालकाच्या रकान्यात नाव आपलं, पैसे आपण मोजलेले, आणि जमीन कसणारे भलतेच. पहिलं कूळ हायबरफिल डॉट सिस. लॅपटॉप हायबरनेट करताना मेमरीत जे असेल ते जसंच्या तसं उतरवून ठेवायला ही फाइल असते, आकार साधारण रॅमच्या चाळीस टक्के. सोळा जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर गेलेच. तुम्ही आयुष्यात कधी हायबरनेट केलं नसेल, ते कशाशी खातात हे ठाऊक नसेल, तरी ताबा कायम. तिच्या शेजारी पेजफाइल डॉट सिस, रॅम कमी पडली तर लागेल म्हणून राखलेली. गरजेप्रमाणे ती बांध कोरत पुढे सरकते. 2019 पासून विंडोजनं आपल्या अपडेट्सकरता सातेक जीबी जागा ‘रिझर्व्ह्ड स्टोरेज’ म्हणून वेगळी काढायला सुरुवात केली, तिथे आपल्याला फिरकायचं काम नाही. नवी आवृत्ती टाकली की अख्खं जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या नावानं ठेवून देतात, मन बदललं तर मागे फिरता यावं म्हणून. हे कूळ दहाबारा नव्हे, पंधरावीस जीबीसुद्धा खातं. एरवी दहा दिवसांत ते आपण होऊन जातं. मुदतीत उठणारं एवढं एकच.

सगळ्यांत मुरलेलं कूळ म्हणजे विनएसएक्सएस. विंडोजच्या भागांच्या जुन्या-नव्या प्रती यात राहतात. आकार पाहिला की छाती दडपते, पण त्यातली बरीच नोंद दुहेरी असते. फाइल डिस्कवर एकदाच, दिसते मात्र दोन ठिकाणी, एकच गट दोन उताऱ्यांवर चढावा तशी. म्हणजे दिसतो तेवढा तो खात नाही. तलाठ्याला हे चुटकीसरशी कळलं असतं, काकांना समजावताना चहा दोनदा झाला.

‘पण खातो तर खरा. उडवा की तो.’

मी म्हटलं, तुम्हीच करून बघा. काकांनी डिलीट दाबलं. पाटी आली: हा बदल करायला तुम्हाला ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ यांची परवानगी लागेल. काकांनी चष्मा वर केला, नाव अक्षर अक्षर लावून वहीत उतरवून घेतलं आणि मग प्रॉपर्टीजमध्ये मालकाचं नाव बघितलं. तिथेही तेच. ज्या माणसानं सारी हयात कर्जाला लावलेल्या तारणाचे कागद तपासण्यात घालवली, त्याला निवृत्तीनंतर स्वतःच्या लॅपटॉपच्या मालकीच्या रकान्यात दुसऱ्याचं नाव वाचावं लागलं.

‘पावती आहे माझ्याकडे,’ काका म्हणाले. ‘जीएसटीसकट.’

‘असणारच.’

‘मग हा कोण लागून गेला?’

तो विंडोजचाच एक भाग आहे, अपडेट बसवतो, आणि आपण भलतंसलतं उडवू नये म्हणून मालकी त्याच्या नावे ठेवलेली असते, असं मी सांगितलं. काकांचा चेहरा वारसनोंद हुकलेल्या माणसासारखा झाला.

अशा वेळी प्रत्येक घराण्यात एक इंजिनिअरिंगचा भाचा असतो. तो दिवाळीला येतो आणि फराळाच्या ताटावर बसूनच म्हणतो, ‘मामा, सरळ फॉरमॅट मारतो. डेटा काय काय ठेवायचाय ते सांग.’ या प्रश्नाला उत्तर नाही. काय काय आहे हे माहीत असतं तर ही वेळ आली असती का? मग ‘सगळा’ असं उत्तर जातं, सगळा डेटा पेन ड्राइव्हवर मावत नाही, आणि भाऊबीज उरकून भाचा परत जातो. जिथे फॉरमॅट खरोखर मारला जातो तिथे पट्टी काही दिवस निळीशार राहते. पण प्रिंटर ओळख विसरलेला असतो, आणि सोसायटीचं 2009 चं इतिवृत्त उघडलं की ‘सर्वानुमते’च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि टक्क्याच्या चिन्हांचा सडा पडलेला असतो, कारण जुना मराठी फॉन्ट फॉरमॅटबरोबर गेला. सभेतलं बोलणं ऐकलं असेल, तर ते इतिवृत्त तसंच जास्त अचूक वाटतं.

‘क्लाउडवर टाका’ म्हणणारेही भेटतात. गुगल फुकटात 15 जीबी देतं, त्यातच मेल आणि जून 2021 पासून फोटोही धरतं. वनड्राइव्ह देतं पाच. धाकट्याचं लग्न त्या हिशेबानं आठ ढगांत विभागून ठेवावं लागेल, आणि मंगलाष्टकं कुठल्या ढगात राहिली हे काकूंना दर वेळी फोन करून सांगावं लागेल ते वेगळंच.

विंडोजनं आपण होऊन जागा करून दिल्याचाही एक प्रसंग इतिहासात आहे. 2018 च्या ऑक्टोबर अपडेटनं काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या आणि फोटोंच्या फाइल्स परस्पर काढून टाकल्या, आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट काही दिवसांतच थांबवावं लागलं. इतकी कसून सफाई त्यानंतर झाल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे काहीही करायच्या आधी बॅकअप घ्या, आणि तो त्याच डेस्कटॉपवर घेऊ नका.

मग डिस्क क्लीनअप उघडा आणि त्यातलं ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ हे बटण दाबा, ते बहुतेक जण दाबतच नाहीत. विंडोज डॉट ओल्ड रेंगाळलेलं असेल तर तिथून रीतसर निघतं. यादीत डाउनलोड्स किंवा रिसायकल बिनवर खूण असेल तर आत काय आहे ते आधी बघून घ्या. हायबरनेट लागत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’ ही आज्ञा द्या, ती फाइल क्षणात जाते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन म्हणून एक टॅब आहे, तिथून ते कायमचे डीवर हलवता येतात. म्हणजे ‘माझं सगळं डेस्कटॉपवर असतं’ हे बोलणं निदान निरुपद्रवी होईल. विनएसएक्सएसला हातानं अजिबात शिवू नका. आणि एवढं करून निळी झालेली पट्टी लगेच पुन्हा भरू नका. एसएसडीला लिहायला थोडी मोकळी जागा लागते, ती गच्च भरली की कामाला जड होते.

हे सगळं नको असेल तर पैसे खर्च करा आणि मोठी एसएसडी बसवून घ्या. फक्त बसवताना दुकानातला मुलगा ‘सीला शंभर देतो, बाकी डी’ म्हणेल, तेव्हा त्याला तिथल्या तिथे थांबवा.